लुंबिनीतले दोन दिवस

भद्रावती,
१४ जून २०२४

धुरपताबाई,

सत्यशीलाचा जयभीम. तुम्हाला तो घ्यावासा वाटणार नाही. तरी पत्र बाजूला ठेवायच्या आधी तुमच्या भावाच्या तब्येतीचं तेवढं वाचून घ्या.

मांडीच्या हाडात टाकलेला रॉड नीट बसला आहे. मागच्या आठवड्यात चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. हाड जुळलं, पण हे चालत नाहीत. वॉकर हातात दिला की त्याच्याकडे बघत राहतात. पाय उचलायचा असतो हेच आठवत नाही. तळपायाच्या जखमा भरल्या. उजव्या अंगठ्याचं नख गेलं ते बहुतेक परत येणार नाही. वरणभात कुस्करून दिला तर अर्धी वाटी खातात. वजन अठ्ठेचाळीस किलो. मी छत्तीस वर्षं आरोग्य सेविका होते, त्यामुळे हे असं रिपोर्टासारखं लिहिलं जातं. राग मानू नका.

मार्चपासून मी तुम्हाला किती फोन लावले. दर वेळी कुलदीप उचलतो आणि म्हणतो, "मामी, आई वावरात गेली." बाई, तुम्ही बहात्तर वर्षांच्या. सिरोंच्याच्या मे महिन्यात भर दुपारी वावरात कोण जातं? तो बिचारा आईसाठी खोटं बोलतो, आणि मी त्याला काही म्हणू शकत नाही, कारण खोटं बोलायला सुरुवात मी केली.

तुम्ही माझ्याशी शेवटचं बोललात ते दवाखान्याच्या जिन्यात. "डोळे तं चांगले दिसून राह्यले तुये," एवढंच म्हणालात आणि खाली उतरून गेलात. त्याचं उत्तर आज देते.

होय, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंच नव्हतं. नागपूरला मी फक्त गाडी पकडायला गेले होते. आमच्या विहारातल्या चाळीस बाया मिळून सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी असा बारा दिवसांचा प्रवास करणार होत्या. यांना तुमच्याकडे सोडताना ऑपरेशनचं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही ठेवून घेतलं नसतं. दोन वर्षांपूर्वी मी खरं विचारून पाहिलं होतं, तुमच्याच ओट्यावर बसून. तुम्ही म्हणालात, "नवरा असा असतानी बाई फिरायले जाते का वो? लोक थुकतीन." त्यानंतर पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

हे तुमच्या घरून निघून गेले, दोन दिवस सापडले नाहीत, आलापल्लीच्या रस्त्याला पंचवीस किलोमीटरवर नाल्यात पडलेले मिळाले. या सगळ्याचा दोष माझा. पण एवढं सांगते, त्याआधी तुमचा फोन आला तेव्हा मी बोधगयेला होते. चाळीस बायांची बस एकटीसाठी वळवता येत नव्हती, आणि मध्येच परत यायची दुसरी सोय नव्हती. सोय असती तर मी आले असते.

तुमची भावजय,
सत्यशीला

भद्रावती,
२ ऑगस्ट २०२४

धुरपताबाई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. कुलदीपने एवढंच कळवलं की आईने पत्र दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. फाडलं नाही, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

पावसामुळे यांना घरातच ठेवावं लागतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलते. मला आता ओळखत नाहीत. 'सिस्टरबाई' म्हणतात. चाकरीत असताना अख्खा अहेरी तालुका मला तसंच म्हणायचा, त्यामुळे पहिल्या दिवशी मी सवयीने "काय हो?" म्हणून गेले, आणि मग मोरीत जाऊन उभी राहिले.

या पत्रात तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती मी हर्षालासुद्धा सांगितलेली नाही. मुलीला बापाचं सगळं सांगता येतं, स्वतःचं सांगता येत नाही.

लग्न झालं तेव्हापासून मला फिरायची हौस. तुम्हाला हसू येईल. बाई दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालते, लसीचा डबा खांद्याला लावून गावोगाव जाते, तरी तिला फिरायचं असतं. पण ते चालणं कामाचं होतं. प्रत्येक गावाला कोणीतरी बाळंत व्हायचं असायचं नाहीतर तापाने फणफणलेलं असायचं. ज्या गावात माझं काहीच काम नाही अशा गावात मला एकदा जायचं होतं. हे मात्र वनरक्षक. जंगल सोडून यांना करमत नसे. म्हणायचे, "रिटायर होऊ दे, मंग जाऊ." तीस वर्षं हेच.

दोघंही रिटायर झालो. २०१९च्या डिसेंबरात सांचीला निघालो. भोपाळ स्टेशनवर उतरलो आणि हे जिन्याच्या खाली थांबले. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती, हे हलेनात. मी पुढे जाऊन परत आले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "मले रस्ता नाई समजून राह्यला." बाई, हा माणूस पानगळीतही पायवाट चुकला नव्हता. आणि मी काय केलं? सगळ्या लोकांसमोर ओरडले, "बैलासारखे उभे काय राहता? मुद्दाम करता तुम्ही. मला कुठं न्यायचंच नव्हतं तुम्हाला." त्यांचं तोंड असं झालं, जसं शाळेतल्या पोराचं सगळ्यांसमोर छडी खाल्ल्यावर होतं. पुढे चार दिवस माझ्या पदराचं टोक धरून चालत होते. मी ते टोक दोनदा झटकलं.

मी नर्स. विसरायच्या बिमारीची माहिती मला ट्रेनिंगमध्ये दिली होती. दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर मी त्याला तपासायला पाठवलं असतं.

नंतरची चार वर्षं तुम्ही अधूनमधून पाहिली आहेत. तुम्ही यायच्या तेव्हा हे तुमच्याजवळ शहाण्यासारखे बसायचे आणि तुम्ही म्हणायच्या, "चांगला तं आहे." तुम्ही गेल्यावर कसं असायचं ते तुम्हाला माहीत नाही. मोळी घेऊन जाणाऱ्या बाया फाटकाशी अडवायचे, "पास दाखव." मला बाहेर जायचं असलं तरी पास मागायचे. मोरीच्या दाराशी उभे राहून दर दोन मिनिटांनी हाक, "सत्यशीला, कुठी आहे?" मी म्हणायची, इथंच आहे. पुन्हा, "सत्यशीला, कुठी आहे?" दिवसातून दोनशे वेळा. चार वर्षं मी मोरीचं दार लावून आंघोळ केली नाही.

हे दया यावी म्हणून लिहीत नाही. मंजुषा, माझ्याबरोबर नोकरीला होती ती, तिने प्रवासाचा कागद आणून दिला तेव्हा मी तो तांदळाच्या डब्यात लपवला. कुणापासून लपवला? हे तर वाचूनही विसरले असते. मला वाटतं मी स्वतःपासूनच लपवत होते.

सत्यशीला

भद्रावती,
२९ सप्टेंबर २०२४

धुरपताबाई,

तीन दिवस झाले, हे "माय, माय" करतात. आधी मला वाटलं सासूबाईंना हाक मारतात. पण सासूबाई गेल्या तेव्हा हे सहा वर्षांचे होते, आणि काल म्हणाले, "माय, मासोळीचा काटा काढून दे." तो काटा तुम्हीच काढून द्यायच्या ना? ही हाक तुम्हालाच आहे.

तुम्ही एकदा येऊन जा. पण तुम्ही यायच्या आधी मला खरं लिहिलं पाहिजे. पहिल्या पत्रात मी पुन्हा एकदा खोटं लिहिलं. परत यायची सोय होती.

झालं ते असं. सहावा दिवस होता. बोधगयेला विहाराच्या आवारात आम्ही बसलो होतो. तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "श्रावण जेवून नाई राह्यला. दारात बसून राह्यते, रस्त्याकडे पाहत. तुयी पट्टी कवा सुटते?" मी म्हटलं, डॉक्टर अजून आठ दिवस हलू नको म्हणतात. तेवढ्यात भिक्खूंचं वंदन सुरू झालं. तुम्ही विचारलं, "आवाज कायचा वो?" मी म्हटलं, दवाखान्याच्या बाजूला विहार आहे. इतकं सहज सुचलं, बाई. जणू ते उत्तर तयार करूनच ठेवलेलं होतं.

फोन ठेवल्यावर मला राहवेना. मी प्रवासाच्या व्यवस्थापकाकडे गेले. त्याला सांगितलं, घरी अडचण आहे. तो भला माणूस. लगेच मोबाईलमध्ये पाहून म्हणाला, "ताई, उद्या सकाळी गयेहून गाडी आहे. मुगलसरायला बदलायची, तिथून थेट नागपूर. मी माणूस देतो स्टेशनपर्यंत. परवा रात्रीपर्यंत घरी." दोन वेळा विचारलं त्याने. "बघू का तिकीट?"

मी म्हटलं, "राहू द्या. जेवतील ते."

हे वाक्य मी गेले सात महिने रोज ऐकते. राहू द्या, जेवतील ते.

कारण काय होतं, ते लिहायला मला तीन पत्रं लागली. मी तिथे सुखात होते. सारनाथला मी एकटी बसून गरम कचोरी खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत गरम होती. किती वर्षांनी. मी सलग सात तास झोपले. सकाळी मोरीचं दार लावून आंघोळ केली, आणि बाहेरून कोणी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी मी कान देऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी कान देणं सोडलं.

लुंबिनी नेपाळात आहे. सीमा ओलांडली आणि फोन बंद पडला. आपलं सिमकार्ड तिकडे चालत नाही. बाकीच्या बाया चिडल्या, मला मात्र आनंद झाला. दोन दिवस मला कोणी गाठू शकणार नव्हतं आणि त्यात माझी चूकही नव्हती. तिथे एक पुष्करणी आहे, तिच्या काठाने अनवाणी फिरले. मंजुषाचा पाय चिखलात सटकला तेव्हा पोट धरून हसले. तिथे बसून मंगल मैत्रीची भावना केली, सगळ्या प्राणिमात्रांसाठी. त्या दोन दिवसांत मला यांची एकदाही आठवण आली नाही. मुंगीएवढीसुद्धा नाही.

त्याच दोन दिवसांत हे रस्त्यावर होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मंजुषाने हॉटेलच्या वायफायवरून आमचा फोटो टाकला, तो फिरत फिरत कुलदीपच्या फोनवर आला. तो म्हणे तेव्हा तुम्हाला घेऊन पोलीस ठाण्यात बसला होता, हरवलेल्या माणसाचा फोटो द्यायला. एका फोटोत हे आणि दुसऱ्यात मी हसते आहे. सीमेवर परत आलो तेव्हा माझ्या फोनवर त्रेचाळीस कॉल होते. पहिला उघडायच्या आधीच मला कळलं.

जंगू मडावी नावाच्या ज्या माणसाने यांना नाल्यातून उचलून घरी नेलं, पेज पाजली, त्याला मी जूनमध्ये भेटून आले. हर्षाने तेव्हा इथे थांबून यांना सांभाळलं. त्याला विचारलं, हे काही बोलत होते का? तो म्हणाला, "म्हणत होता, बायकोले घ्याले चाललो. तिले डोळ्याची पट्टी आहे, रस्ता दिसत नसन."

बाई, मी तिकडे डोळे भरून बघत होते आणि हे मला हात धरून आणायला निघाले होते.

आता तुम्हाला यायचं असेल तर या. नाही आलात तरी चालेल. पण यांची हाक मी तुमच्यापर्यंत पोचवली.

सत्यशीला

भद्रावती,
२४ नोव्हेंबर २०२४

धुरपताबाई,

तुमची बस गेल्यावर मी स्टँडवर बराच वेळ बसून राहिले. शेजारच्या इंदुताईंना यांच्याजवळ बसवून आले होते, तेही विसरले.

तुम्ही न कळवता आलात, डोक्यावर तांदळाचं बोचकं, हातात सुक्या मासोळ्यांची पिशवी. दारात मला बाजूला सारून सरळ यांच्या खाटेकडे गेलात. पहिले दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. सगळं यांच्यामार्फत. "श्रावण, तुया बायकोले सांग, पाणी तापव म्हणाव." आणि हे अगदी गंभीरपणे म्हणायचे, "बायको इथी नाई, माय. नागपूरले गेली. डोळ्याचं आहे तिचं." तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला पहिल्यांदा म्हणालात, "तू बी जेवून घे."

अकरा दिवस राहिलात. यांना पुसलंत, कूस बदललीत, काटे काढून भरवलंत. मी चार वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपले. माझ्या पत्रांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि मला वाटलं आता बोलणार नाही.

आणि स्टँडवर, बस सुरू झाल्यावर, खिडकीतून बोललात. मी उत्तर देऊ नये म्हणूनच तेव्हा बोललात ना? इंजिनाच्या आवाजात मला अर्धं ऐकू आलं, पण अर्धं पुरे होतं.

तेव्हा हे तुमच्या घरी असताना, नवव्या दिवशी सकाळी यांनी तिसऱ्यांदा अंथरूण ओलं केलं होतं. "सत्यशीला कवा येते," हे तुम्ही पन्नासदा ऐकलं होतं. आणि तुम्ही ओरडलात, "नाई येत ते आता. सोडून गेली तुले. जायचं तं जा तिच्या मांगं." मग तुम्ही चुलीकडे वळलात. मागे पाहिलं तर खाट रिकामी. "कुलदीपले बी नाई सांगतलं म्या," तुम्ही म्हणालात. "सगळे तुले बोलत होते. मीबी बोलली. मले बरं वाटे."

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहू का? मलाही बरं वाटलं. बस वळेपर्यंत. इतके महिने जे ओझं मी एकटी घेऊन फिरत होते, त्याला दुसरा कोणीतरी हात लावतोय असं वाटलं. मग तुमचं खिडकीतलं तोंड आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

बाई, नऊ दिवसांत तुमच्या तोंडून जे एकदा निघालं, ते चार वर्षांत माझ्या तोंडून किती वेळा निघालं ते मोजताही येणार नाही. मी यांना "मरा एकदाचे" म्हटलं आहे. एकदा हातातली वाटी फेकली आहे. दरवेळी हे उठून बाहेर निघाले आहेत. फरक एवढाच की माझ्या घराच्या फाटकाला कुलूप होतं.

तुम्हाला नऊ दिवस झेपले नाहीत म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता. पण ते बारा दिवस मी तुमच्या अंगावर खोटं बोलून टाकले होते. यांना काय काय होतं तेही सांगितलं नव्हतं. अंथरुणाचं सांगितलं नव्हतं, पास मागण्याचं सांगितलं नव्हतं, दाराला कडी लावत जा हे सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं तर तुम्ही घाबराल आणि माझा प्रवास बुडेल, म्हणून "शांत असतात" म्हटलं. खरं सांगून गेले असते तर तुम्ही शिव्या दिल्या असत्या, पण कुलदीपला सांगून दाराला कडी लावून घेतली असती. माझं जाणं चुकलं की नाही, हे मला अजून कळत नाही. तसं जाणं चुकलं, हे कळतं.

तुम्ही बसमध्ये रडत होतात. आलापल्लीला तुम्हाला घ्यायला आला तेव्हाही रडत होतात, असं कुलदीप म्हणाला. आता पुरे. कुलदीपला सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर नका सांगू. मी सांगणार नाही.

सत्यशीला

भद्रावती,
१२ जानेवारी २०२५

धुरपताबाई,

तुम्ही रांधून वाट पाहिली आणि आम्ही आलो नाही. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणालात, पण आवाजावरून समजलं. म्हणून नीट लिहिते.

हर्षा सुट्टीवर आली होती. तीच म्हणाली, "आई, पप्पांना आत्याकडे घेऊन जाऊ. जमेल तिथपर्यंत." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रस्ता सोसेल तितकं जा. गल्लीतल्या सुनिलच्या गाडीत मागची सीट काढून गादी टाकली. सकाळी सातला निघालो. बल्लारपूर, आष्टी असं करत बारापर्यंत आलापल्ली. तोवर हे छान होते. खिडकीतून बघत होते. आष्टीच्या पुलावर त्यांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

आलापल्लीच्या पुढे रस्ता कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या खड्ड्याला हे कण्हले. दुसऱ्याला ओरडले. आठ किलोमीटर गेलो असू. पुढे अजून नव्वद. मी सुनिलला म्हटलं, फिरव गाडी. हर्षाचं तोंड उतरलं. माझंही. पण या वेळी मला परत फिरायला जड गेलं नाही.

परत यायच्या आधी थोडा वेळ रस्त्याच्या कडेला थांबलो. उंच सागवान, पानं गळायला लागली होती. यांना खुर्चीत बसवून झाडाखाली ठेवलं, पायावर शाल टाकली. हर्षा आणि सुनिल गाडीत चहाचा थर्मास शोधत होते. हे बराच वेळ समोरच्या बुंध्याकडे बघत होते. मग वनरक्षकाच्या नजरेने बुंध्याचा घेर मापून म्हणाले, "हे एकशे चाळीस भरन." मी म्हटलं, भरेल. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. माझ्याकडे वळले.

"सिस्टरबाई, तुमचं गाव कोन्तं?"

"भद्रावती."

"माई बायको बी तिथंच राह्यते. नर्स आहे. ओळखत असान तुमी."

"ओळखते," मी म्हटलं.

"तिले फिरायचा लय शौक." हे हसले. "लगन झालं तवापासून माया मांगं लागे, कुठी तरी नेजा. मी म्हणो, रिटायर झाल्यावर जाऊ. म्या तिले कुठी नेलंच नाई."

सांचीचं त्यांना आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली नाही.

"मंग एकटीच गेली ते," हे म्हणाले.

मी त्यांच्या पायावरची शाल सारखी केली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले लागते? घरी नाई, म्हंजे गेली."

"तुम्हाला राग आला तिचा?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, बाई. गेल्या वर्षभरात मी यांना असा विचार करताना पाहिलं नव्हतं. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले. एक पान खुर्चीजवळ पडलं, ते पडेपर्यंत बघितलं.

"मले कायचा राग?" म्हणाले. "तिलेच आला असन. म्हणून तं येत नाई."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांचा हात हातात घेतला. सिस्टरबाई नाडी बघते आहे असं वाटून त्यांनी तो सरळ धरला.

"नाही हो," मी म्हटलं. "तिला राग नाही आला. जराही नाही."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, कोणी परक्याने घरच्या गोष्टीत तोंड घातल्यावर पाहावं तसं.

"तुमाले काय मालूम?" म्हणाले.

सत्यशीला